बाबांच्या वह्या

परवा आईनं विचारलं, "अरे, ह्यांच्या आठवणी तू कॉम्प्युटरवर घेतल्या होत्यास ना? जरा मोठ्या टायपात छापून दे. माझ्या डोळ्यांना झेपेल अशा."

मी म्हटलं, "अगं, दोन मिनिटांचं काम!" प्रोग्रॅमरनं हे वाक्य उच्चारलं की जाणत्या माणसानं ओळखावं, आता दोन आठवडे गेले. आमच्या सौभाग्यवतींना हे फार पूर्वीच कळलंय. त्यांनी मान वर न करता मेथी निवडणं चालू ठेवलं.

बाबा शाळामास्तर. सगळी नोकरी भोर-महाड पट्ट्यात, वरंध घाटाच्या अल्याड-पल्याड झाली. १९९८ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी शाईच्या पेनानं दोन जाड वह्या भरून काढल्या. पुढच्या वर्षी मी घरी नवाकोरा कॉम्प्युटर आणला. मिरवायची हौस होतीच. महिनाभर रोज रात्री बसून दोन्ही वह्या टाइप केल्या. त्या दिवाळीत माळा साफ करायला काढला, तेव्हा मीच म्हटलं, "आता सगळं कॉम्प्युटरात आहे. वह्या रद्दीत गेल्या तरी चालेल." गेल्या. बाबा काही बोलले नाहीत.

फाईल मात्र मी जिवापाड जपली. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर, तिथून हार्ड डिस्कवर. बाबा २००६ साली गेले, तेव्हाही ती सुखरूप असल्याची खात्री करून घेतली होती. उघडून वाचली मात्र नव्हती. हिंमत झाली नाही, म्हणा हवं तर.

आता उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं आणि डॉलरच्या खुणा यांची भेळ! एकही अक्षर हरवलेलं नव्हतं आणि एकही वाचता येत नव्हतं.

यातली मेख अशी. त्या काळच्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ खुणांची सोय असे. मराठीसाठी वेगळी जागाच नव्हती. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरात आपली अक्षरं भाडेकरू म्हणून बसवली, आणि तीही प्रत्येकानं आपापल्या मर्जीनं. एकाच्या घरात 'क' राहतो, तिथे दुसऱ्याचा 'श' बिऱ्हाड करून! फाईलमध्ये नोंद होते ती घराच्या नंबराची. फॉन्ट नाहीसा झाला की घरं तेवढी उरतात, माणसं ओळखू येत नाहीत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालीच आली होती, आणि त्यात देवनागरीला हक्काची जागा होती. पण घरगुती विंडोजमध्ये ती सोय रुजायला २००० साल उलटावं लागलं. मी टाइप केलं १९९९ साली. हुकलो तो एवढ्याशानं.

जुन्या फॉन्टचं मराठी युनिकोडमध्ये आणणारे तयार प्रोग्रॅम मिळतात. दोन लावून पाहिले, पण आमचा फॉन्ट आडवळणाचा निघाला. शेवटी आईच मदतीला आली. पोथीच्या रुमालातून तिनं एक पिवळा कागद काढला. बाबांना कौतुकानं छापून दाखवलेलं पहिलं पान! ते तिनं ठेवलं होतं. पान आणि फाईल शेजारी ठेवून मी एकेका घरात कोण राहतं याची यादी करू लागलो.

शेजारी आई मोबाइलवर 'अयोध्येचा राजा' पाहत होती. प्रभातचा हा बोलपट १९३२ चा. आदल्याच वर्षी मुंबईत मॅजेस्टिकला लागलेल्या 'आलम आरा'ची मात्र आज एकही प्रत माहीत नाही. आपला पहिला बोलपट, आणि तो आपण ऐकू शकत नाही. माझं काम त्या मानानं सोपंच म्हणायचं. आमच्या घरात पणजोबांचं एक मोडीतलं खरेदीखत आहे. मोडी शाळांतून जाऊन सत्तर वर्षं झाली, तरी पुण्यातल्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी ते चहा निवायच्या आत वाचून दाखवलं होतं. पणजोबांचा कागद वाचता येतो आणि बाबांची फाईल नाही! याचा मला, माझ्या धंद्यापायी, जरा जास्तच राग आला.

अक्षरं जुळली तरी भांडण संपलं नव्हतं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती नंतर नोंदायची. रफाराचं बरोबर उलटं. पहिल्या खेपेला सगळ्या वेलांट्या शेजारच्या अक्षराला लटकल्या. ते निस्तरलं, आणि मोठ्या टायपात चाळीस पानं छापून ऐटीत आईच्या हातात दिली.

तासाभरानं हाक आली. "अरे, माझ्या लग्नात आचार्यांनी कुठे जिलब्या तळल्या? आचारी होता तो, भोरचा! आणि घाटात दर्या कुठून आला?"

बाबांच्या 'आचाऱ्यांनी' आणि 'दऱ्या'तला अर्धा र मी सरसकट रफार करून टाकला होता. ही मराठीची खास चीज. युनिकोडमध्ये तो र वेगळ्या खुणेनं लिहावा लागतो, आणि ते मी, एका मास्तराचा मुलगा, विसरलो होतो. बाबांनी अंगठे धरायला लावले असते.

तेही दुरुस्त केलं. आई आता रोज दुपारी चष्मा लावून चार पानं वाचते, आणि पेन्सिलीनं बाबांच्या चुका काढते. जिलब्या नव्हत्याच म्हणे, बुंदी होती.

काल तिनं विचारलं, "वह्यांच्या मागच्या पानांवर दुधाचा हिशेब होता. आणि एक यादी, मला काय काय घ्यायचं राहिलं त्याची. ते आलंय का यात?"

ते मी टाइप केलं नव्हतं. उगाच कशाला, असं तेव्हा वाटलं होतं.

"नाही गं," मी म्हटलं.

"असू दे," आई म्हणाली, आणि तिनं पान उलटलं.