गच्चीवरच्या पाहुण्यांचे दाणापाणी

चेन्नईच्या रॉयपेट्टा भागात कॅमेरादुरुस्ती करणारे जोसेफ सेकर २००४ च्या त्सुनामीनंतर गच्चीवर पक्ष्यांना दाणे घालू लागले. पुढे त्यांच्या गच्चीवर हिरव्या पोपटांचे हजारोंचे थवे उतरू लागले. आडव्या लाकडी फळ्यांवर भिजवलेला तांदूळ मांडायचा, तोही सकाळ-संध्याकाळ, असा त्यांचा परिपाठ होता. ही हकिगत वाचून कितीतरी गृहिणींना वाटले असेल, आपल्याही बाल्कनीत असे पाहुणे यावेत. जरूर यावेत, पण आपल्या घराला हजारो पोपट झेपणार नाहीत, दहा-बारा चिमण्या झेपतील. म्हणून दुकानात जाण्यापूर्वीच ठरवा, आपल्याला कोण यायला हवे आणि कोण नको. कारण पाहुणे कोण येणार, हे दाण्यावर आणि भांड्यावर ठरते.

दाणे कोणते घ्याल?

चिमण्या आणि मुनिया यांना बाजरी, राळे, तांदळाची कणी असे बारीक दाणे आवडतात. चेन्नईत वाण्याकडे बाजरीला कंबू आणि राळ्याला तिनै म्हणून मागा. पोपटांना साळ, सूर्यफुलाचे बी आणि बिनमिठाचे शेंगदाणे चालतात. बुलबुल आणि साळुंकी पपई, केळे, पेरू यांवर खूश असतात. शिंजीर मात्र दाण्याला चोच लावणार नाही. त्याच्यासाठी कुंडीत जास्वंद लावा. कावळ्याला वेगळे आमंत्रण लागत नाही. आपल्याकडे जसा काकबळी, तसा तमिळ घरांतून जेवणापूर्वी कावळ्याला भाताचा घास ठेवतात.

रंगीबेरंगी गोळ्या मिसळलेली महागडी पाकिटे घेण्याची गरज नाही. वाण्याकडचे सुटे धान्य स्वस्त पडते आणि हातात घेऊन पाहताही येते. कुबट वास, जाळी किंवा बुरशी असेल तर घेऊ नका. पेरणीसाठी विकले जाणारे बियाणे तर मुळीच नको. त्याला बहुधा विषारी औषध चोळलेले असते. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे दिवस. तेव्हा धान्य लवकर सादळते, म्हणून आठवड्यापुरतेच आणा. शिळे तळलेले पदार्थ, चिवडा, फरसाण पक्ष्यांना घालू नये.

भांडे कसे असावे?

बारीक भोकांची आणि आखूड दांड्यांची टांगती नळी घेतली, की चिमणी सहज बसते. कबुतराला तिथे टेकता येत नाही. उघडे ताट सर्वांनाच बोलावते. ताटच घ्यायचे असेल तर तळाला पाणी निथळायला भोके हवीत. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते, म्हणून लाकूड किंवा जाड प्लॅस्टिक बरे. भांडे मांजराच्या उडीपासून दूर टांगा. शेजारी मातीच्या पसरट परळात पाणी ठेवा. ते रोज बदला, नाहीतर डासांची पैदास होईल. भांडी आठवड्यातून एकदा घासून कडक उन्हात वाळवा.

कबुतरांचे काय?

ज्वारी, मका, गहू, हरभरा ओतले की कबुतरे ठाण मांडतात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासातून गेली, तर फुप्फुसांचा चिवट आजार होऊ शकतो. याच काळजीपोटी मुंबईत २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यात आला. त्यावरून केवढे वादंग माजले, ते आपण वाचलेच असेल. दाणे घालणाऱ्यांची श्रद्धा खरी होती आणि शेजारच्यांचा खोकलाही खरा होता. म्हणून घरात दम्याचा रुग्ण असेल किंवा खालच्या मजल्यावरचे कपडे खराब होत असतील, तर दाणे कमी करा, जागा बदला.

एक वेळ आणि एक माप ठरवा. तासा-दोन तासांत संपेल एवढेच घाला. सुटीत गावी जायचे असेल तर आठवडाभर आधीपासून माप हळूहळू उतरवा, म्हणजे पक्षी दुसरीकडे चरायला लागतील. आणि ओळखीचा झालेला पोपट पिंजऱ्यात ठेवण्याचा मोह मुलांना झालाच, तर त्यांना सांगा की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. हा पाहुणा आपल्या मर्जीने येतो आणि आपल्या मर्जीने उडून जातो. त्याला येऊ द्यावे, जाऊ द्यावे.