नवा नंबर, जुना नंबर

बँकेच्या काउंटरवर एक लोखंडी ठसा असायचा. दांडा दाबला की कागदावर ४१७ उमटायचे, पुन्हा दाबला की ४१८. त्याला नंबरिंग मशीन म्हणत. एक छोटी कळ सरकवली की तोच आकडा दोनदा उमटून मग पुढे सरके, म्हणजे व्हाउचर आणि त्याची प्रत, दोन्हींवर एकच नंबर.

संगणकाकडून हेच काम करून घेणे मात्र पुष्कळांना जमत नाही. घरातल्या सहाशे पुस्तकांची यादी टाइप केली आणि मध्येच चार पुस्तके घुसवली, की पुढचे सगळे आकडे हाताने बदलत बसायचे! ‘शोधा आणि बदला’ ही नेहमीची सोय सगळीकडे एकच शब्द ठेवते. तिला मोजता येत नाही. मोजणारी सोय निराळी. ईमॅक्स या प्रोग्राममध्ये २००७ पासून, नमुन्याने शोधून बदलताना नव्या मजकुरात उलटी तिरकी रेघ आणि हॅशचे चिन्ह लिहिले की प्रत्येक जागी पुढचा आकडा पडतो. तोही शून्यापासून, आम्ही बँकवाल्यांनी शून्य नंबरचे खाते कधी उघडले नाही! व्हिममध्ये शून्यांचा उभा रकाना निवडायचा, ‘जी’ दाबायचे आणि मग कंट्रोल-ए. शून्ये मात्र इंग्रजी हवीत. देवनागरी आकडा हा आकडा आहे हे व्हिमच्या गावीही नाही. तेव्हा मोजणी इंग्रजीत उरकून नंतर त्या रकान्यापुरते दहा अंक बदलून घ्यावेत. (पायथॉन या संगणकभाषेला देवनागरी १२ म्हणजे बारा हे कळते, हे कौतुकाने सांगायला हवे.)

हे शिकावेच. पण आकडे बदलणे जितके सोपे, तितके जुने आकडे पुसले जाणेही सोपे, आणि माझी काळजी तिथे आहे. गारगोटीच्या तहसील कचेरीत जमिनीच्या कामासाठी हेलपाटे घातलेल्यांना हे सांगायला नको. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली महाराष्ट्रातल्या अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या खरेदीखतावर सर्व्हे नंबर, आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. दोन्ही एकच शेत, हे सांगतो तो एकत्रीकरणाच्या वेळी केलेला जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता. तो हाती लागला तर काम मार्गी लागते; नाही लागला तर भावाभावांत वकील उभे राहतात.

पुस्तकांच्या यादीत एवढे रामायण होणार नाही. तरी ‘पाहा क्र. २१४’ असे आपणच कुठेतरी लिहिलेले असते, आणि ते पुस्तक आता २१८ वर गेलेले असते. यंत्र रकान्यातले आकडे सरकवते, वाक्यातला २१४ तसाच राहतो. म्हणून आधी फाइलची प्रत ठेवावी, नव्या आकड्यांशेजारी ‘जुना क्र.’ असा रकाना राखावा आणि ‘पाहा क्र.’ शोधून प्रत्येक उल्लेख त्याच्याशी ताडून घ्यावा. छापताना हा रकाना नको असेल तर वगळा, फाइलमध्ये मात्र राहू द्या.