राखीव बसमार्गिका आणि धसईची गाडी

शहरातील रस्त्याचा एक पट्टा फक्त बसगाड्यांसाठी राखून ठेवणे, म्हणजेच राखीव बसमार्गिका आखणे, हा विषय निघाला की त्याची चर्चा बहुधा शहरवासीयांपुरतीच होते. मोटारमालक, दुचाकीस्वार, रिक्षाचालक आणि शहर बसचा प्रवासी यांची बाजू ऐकून घेतली जाते आणि त्याच रस्त्याने रोज शहरात येणारा खेड्यातील प्रवासी गणतीतही धरला जात नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, कल्याणसारख्या शहरात बसमार्गिका वाढवाव्यात की नाही याचा निर्णय करताना धसईच्या प्रवाशाचे हित प्रथम पाहिले पाहिजे, कारण शहरातील कोंडीची सर्वांत जबर किंमत तोच मोजतो.

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील धसई हे भोवतालच्या वाड्यापाड्यांची बाजारपेठ असलेले गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून गाजले. दुकानादुकानांत कार्डाची यंत्रे आली, तरी मोठे रुग्णालय, महाविद्यालय किंवा उपनगरी रेल्वे गाठायची तर आधी मुरबाड आणि तेथून सुमारे ३० किलोमीटरवरचे कल्याण हा क्रम चुकत नाही, आणि ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्याला एसटी किंवा खच्चून भरलेली जीप यांतून निवड करावी लागते. पावसाळ्याच्या तोंडावर मुरबाड–शहापूरच्या रानातून शेवळे आणि पुढे कंटोळी, भारंगी घेऊन कल्याणच्या बाजारात बसणाऱ्या आदिवासी स्त्रियांचा विचार केला तर वेळेचा अर्थ स्पष्ट होतो. पहाटे खुडलेली भाजी सकाळच्या गिऱ्हाइकापुढे ताजी मांडली गेली तरच तिला भाव येतो. गाडी शहराच्या वेशीवर अर्धा-पाऊण तास खोळंबली की पाटी तीच राहते आणि भाव पडतो.

हा खोळंबा एका प्रवासापुरता राहत नाही. कल्याण–मुरबाड जाऊन-येऊन फेरीला, थांबा धरून, दोन तास लागतात असे उदाहरणादाखल मानले, तर आठ तासांच्या कामगिरीत एक गाडी चार फेऱ्या करते. त्याच फेरीत अर्धा तास कोंडीत गेला तर फेरी अडीच तासांची होते आणि आठ तासांत पुऱ्या तीनच फेऱ्या बसतात. डिझेल जळते, चालक-वाहकांचा पगार तेवढाच राहतो, आणि चौथी फेरी मात्र कागदावरच उरते. आगारात गाड्या तोकड्या असल्या की पहिली कात्री लागते ती कमी उत्पन्नाच्या, टोकाच्या गावाकडे जाणाऱ्या फेरीला. कल्याणहून निघालेली गाडी मुरबाडला उशिरा पोहोचली आणि धसईची गाडी निघून गेली, तर शहरातील अर्ध्या तासाचे गावाकडे दोन तास होतात. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२३ पासून एसटीच्या प्रवासात सर्व स्त्रियांना निम्मे तिकीट लागू केले, हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु फेरीच रद्द झाली तर त्या सवलतीचा लाभ कोणत्या गाडीत घ्यायचा, याचे उत्तर शहराच्या रस्त्यावरच शोधावे लागते.

आता पूर्वपक्ष पाहू. त्याचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, रस्ते मुळातच अरुंद आहेत, त्यांतून एक पट्टा काढून घेतला तर उरलेल्या वाहनांची कोंडी दुपटीने वाढेल. हा आक्षेप कोंडी नेमकी कोठे उत्पन्न होते हे न पाहता केलेला आहे. रस्त्याची वहनक्षमता, म्हणजे तासाभरात त्यावरून पार होऊ शकणाऱ्या वाहनांची संख्या, त्याच्या सर्वांत चिंचोळ्या जागेवरून ठरते. मुरबाडकडून कल्याणात येताना ती जागा म्हणजे शहाडचा रेल्वेवरील पूल होय. पुलावरून तासाला जितकी वाहने जाऊ शकतात तितकीच जाणार. त्याच्या अलीकडचा रस्ता गर्दीच्या वेळी निव्वळ रांगेत उभे राहण्याची जागा असतो. या उभे राहण्याच्या जागेतून एक पट्टा बससाठी सोडला आणि बसला पुलाच्या तोंडाशी सिग्नलवर आधी जाऊ दिले, तर पुलावरून पार होणाऱ्या वाहनांची संख्या घटत नाही, फक्त त्यांचा क्रम बदलतो. एका बसमागे एका मोटारीला काही सेकंद अधिक थांबावे लागते आणि बसमधील चाळीस-पन्नास माणसांची मात्र संपूर्ण रांग टळते. रांगेची लांबी यामुळे काहीशी वाढते आणि ती मागच्या चौकापर्यंत पोहोचून तेथील वाहतूक अडवणार नाही हे मोजमाप करून पाहावे लागते, हे खरे. पण ही आखणीतली दक्षता झाली, तत्त्वाला बाध आणणारे कारण नव्हे.

दुसरा आक्षेप डोळ्यांना दिसणाऱ्या दृश्यावर उभा आहे: बसमार्गिका रिकामी पडलेली असते आणि शेजारी मोटारी तुंबलेल्या असतात. दर मिनिटाला एक बस ताशी २० किलोमीटर वेगाने जात असेल तर दोन बसमध्ये सुमारे ३३३ मीटर अंतर राहते, म्हणून पाहणाऱ्याला बहुतेक वेळ मोकळाच रस्ता दिसतो. तरीही प्रत्येक बसमध्ये ५० प्रवासी धरले तर त्या पट्ट्यावरून तासाला ३,००० माणसे जातात. तितकीच माणसे मोटारींनी न्यायची, आणि एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरायचा, तर २,००० मोटारी लागतील, आणि सिग्नल असलेल्या शहरी रस्त्याच्या एका पट्ट्यावरून तासाभरात तेवढ्या मोटारी जाऊच शकत नाहीत. केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने रस्त्याची जागा वाहनांऐवजी माणसांचा हिशेब करून वाटावी असे सांगितले, ते याच कारणाने. दिल्लीतील आंबेडकर नगर–मूलचंद बसमार्गिकेविरुद्धची याचिका २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळली. पुढे ती मार्गिका राजकीय निर्णयाने हटवली गेली, पण त्यामुळे हा हिशेब खोटा ठरत नाही.

महाराष्ट्रात मात्र प्रतिपक्षाचे मुख्य शस्त्र पुणे हे आहे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर देशातील पहिल्या प्रयोगांपैकी एक प्रयोग सुरू झाला आणि पुढे नगर रस्त्यावरील मार्गिकेचा काही भाग तर उखडूनही टाकण्यात आला. तेव्हा जे पुण्यात फसले ते अन्यत्र कशाला, असा सवाल केला जातो. पुण्यात काय फसले याचा तपशील पाहिला पाहिजे. मार्गिका सलग नव्हती. जेथे रस्ता अरुंद होता आणि बसला संरक्षणाची खरी गरज होती नेमकी तेथेच ती खंडित होत असे. मध्यभागी असलेल्या थांब्यापर्यंत पादचाऱ्याने सुखरूप कसे पोहोचावे याचा विचार उशिरा झाला, दुचाकी मार्गिकेत सर्रास शिरत राहिल्या आणि पुरेशा, धडधाकट बसगाड्याही नव्हत्या. पुण्याच्या शेजारी पिंपरी-चिंचवडमध्ये २०१५ साली सांगवी–किवळे मार्गावर, रस्ते रुंद असल्याने आणि बंदिस्त थांबे आधी बांधल्याने, बस पुष्कळ सुरळीत धावू लागली. ब्राझीलमधील कुरितिबा शहरात १९७४ पासून आणि कोलंबियाच्या बोगोटात २००० पासून हीच व्यवस्था शहराचा कणा होऊन राहिली आहे. पुण्याच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष एवढाच की, अर्धवट मार्गिका ही मार्गिका नसल्यासारखीच असते.

रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा, हा पर्यायही नेहमी सुचवला जातो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते की, गर्दीच्या वेळी नवा रस्ता मोकळा झाला की इतर मार्गांनी, इतर वेळी किंवा इतर साधनांनी जाणारे लोक त्याकडे वळतात आणि तो पुन्हा तुंबतो; या घटनेला वाहतूकशास्त्रात प्रेरित मागणी म्हणतात. ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रो आणि प्रस्तावित कल्याण–मुरबाड रेल्वेमार्ग यांचे स्वागतच केले पाहिजे, पण रेल्वे मुरबाडला आली तरी धसईला जायला बसच लागेल.

या खंडनानंतर स्वपक्षाची मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. कल्याण–मुरबाड हा संपूर्ण रस्ता दिवसभर बससाठी राखून ठेवावा असा आग्रह येथे नाही. ज्या पट्ट्यावर तासाला मोजक्याच बस धावतात तेथे तो समर्थनीय ठरणार नाही. मागणी आहे ती कोंडीच्या ठिकाणांपुरती आणि गर्दीच्या वेळांपुरती: शहाड पुलाच्या दोन्ही अंगांना, मुरबाड रस्त्याच्या शहरातील भागात आणि कल्याण स्थानकालगतच्या एसटी आगाराच्या तोंडाशी. आगारात शिरताना रिक्षांच्या गराड्यात अडकलेली गाडी शेवटच्या शंभर-दोनशे मीटरला जी मिनिटे घालवते ती वाचवायला नवे बांधकाम लागत नाही, रंगाचा पट्टा आणि उभा पोलीस पुरतो. अशी मार्गिका एसटी, कल्याण-डोंबिवली परिवहनच्या बस आणि रुग्णवाहिका यांना सामाईक असावी. तिला कायद्याचा आधारही आहे, कारण मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५ नुसार राज्य शासनाला विशिष्ट रस्त्यावर विशिष्ट वाहनांना मज्जाव करता येतो.

अंमलबजावणी मात्र हयगयीची असू नये. मार्गिकेत उभ्या केलेल्या एका मोटारीने मागच्या सर्व बस अडतात, म्हणून दंड कॅमेऱ्याने आणि न चुकता झाला पाहिजे, मग ती मोटार कोणाचीही असो. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका, वाहतूक पोलीस आणि एसटीचा ठाणे विभाग यांनी एकत्र बसून शहाडच्या पुलाअलीकडे सकाळच्या तीन तासांसाठी सहा महिने हा प्रयोग करावा, त्याआधी आणि त्यानंतर मुरबाडहून आलेल्या प्रत्येक गाडीची आगारात पोहोचण्याची वेळ नोंदवून जाहीर करावी, आणि वाचलेल्या वेळेतून निघणारी पहिली जादा फेरी धसईला द्यावी.