बर्नआउट नावाचं सोयीचं पांघरूण

अमेरिकेतल्या आम्हा मराठी आयटीवाल्यांत गेल्या काही वर्षांत एक शब्द फार लाडका झालाय. बर्नआउट! झोप लागत नाही? बर्नआउट. चार दिवस बायकोशी धड बोललो नाही? बर्नआउट. हा शब्द पॉटलकमध्ये बिनदिक्कत उच्चारता येतो. उलट त्यात थोडी ऐटच असते, की बघा बुवा, किती राबतो मी! 'डिप्रेशन' मात्र कुणी म्हणत नाही. तो शब्द निघाला की समोरचा वाढता वाढता थांबतो आणि विषय थेट शाळांच्या रेटिंगवर जातो. माझं भांडण आहे ते या सोयीशी.

मुळात बर्नआउट म्हणजे काय? १९७४ साली न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने हा शब्द वापरला, तो मोफत दवाखान्यांत राबून पिचलेल्या कार्यकर्त्यांसाठी. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याच्या तीन बाजू मांडल्या: पार गळून जाणं, कामाबद्दल तुटकपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की जे होतं ते, एवढीच त्याची व्याख्या. तो शब्द आयुष्याच्या इतर भागांना लावू नये, असंही तिथे स्पष्ट म्हटलंय.

डिप्रेशन हा आजार आहे. सतत उदास वाटणं किंवा कशातच गोडी न उरणं, या दोहोंपैकी एक तरी हवं. शिवाय झोप, भूक, शक्ती, एकाग्रता बिघडणं, हालचाली मंदावणं किंवा सतत चुळबुळ, आपण कवडीमोल आहोत असं वाटणं, मरणाचे विचार. एकूण नऊ लक्षणांपैकी किमान पाच, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, आणि रोजचे व्यवहार अडतील इतकी. सोमवारी ऑफिसला जायचा कंटाळा म्हणजे डिप्रेशन नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

माझ्या टीममधला एकजण दर तिसऱ्या आठवड्याला ऑन-कॉल असे. रात्री दोनला फोन, सकाळी नऊला मीटिंग. चिडचिडा झाला होता, पण शनिवारी क्रिकेटला आला की तोच माणूस खदखदून हसायचा. टीम बदलली आणि दोन-तीन महिन्यांत गडी पूर्वीसारखा झाला. दुसरा एक मित्र. यालाही सगळ्यांनी बर्नआउटच ठरवलं आणि 'इंडियाला जाऊन ये' असा सल्ला दिला. तो तीन आठवडे कोल्हापूरला राहून आला. आईच्या हातचं जेवण चवीला लागेना, जुन्या मित्रांना भेटावंसं वाटेना. परतल्यावर म्हणाला, 'सुट्टीनेही बरं वाटत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे.' चुकीच्या नावाने काय होतं बघा! औषध लागू पडलं नाही याचा दोषही रोग्याच्याच माथी.

आम्हा इंजिनियरांना लोड काढून मशीन तपासायची सवय असते. इथेही साधारण तसंच बघावं. कामाचा बोजा उतरल्यावर, सुट्टीत, आवडत्या माणसांत जीव रमतो का? रमत असेल तर मामला बहुधा कामाचा आहे. घर, गाणी, मुलं, जेवण, सगळंच पांढरंफटक झालं असेल तर डिप्रेशनची शंका घ्या. पण ही शंकाच, निदान नव्हे. दोन्ही एकत्र असू शकतात. शिवाय थायरॉइड, रक्तक्षय आणि आम्हा शाकाहाऱ्यांत सर्रास आढळणारी बी-१२ची कमतरता हीसुद्धा असाच थकवा आणते. म्हणून आधी डॉक्टर.

उलटी चूकही तितकीच वाईट. ऑन-कॉलचं वेळापत्रक तसंच ठेवून कंपनी ध्यानाचं ॲप फुकट वाटते, तेव्हा ती आपला दोष तुमच्या मनावर ढकलत असते. तीन माणसांचं काम एकाने करणं प्राणायामाने सुटत नाही.

मग थेरपीचा उपयोग काय? 'पैसे देऊन गप्पा' हा आमच्याकडचा लाडका विनोद. बर्नआउटमध्ये थेरपिस्ट तुमचा मॅनेजर बदलत नाही; पण 'नाही म्हटलं तर माझी किंमत शून्य' हा विचार तपासायला लावतो, आणि नोकरी बदलायची की सीमा आखायच्या हे ठरवायला मदत करतो. डिप्रेशनमध्ये विचारांची पद्धतशीर उलटतपासणी होते. इच्छा नसतानाही छोट्या छोट्या कृती ठरवून करवून घेतल्या जातात, कारण या आजारात उत्साह आधी येत नाही, कृतीमागून येतो. गरजेप्रमाणे गोळ्याही असतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आणि हे काही गोऱ्यांचं खूळ नव्हे. अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मुंबईत रुजवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही संस्था १९९० पासून काम करते आहे.

राहिली व्हिसाची भीती. थेरपी घेतली म्हणून एच-वन-बी जात नाही. ग्रीनकार्डच्या तपासणीत मानसिक आजाराबद्दल विचारतात, पण अडचण येते ती आजारासोबत स्वतःला वा इतरांना धोका होईल असं वागणं असेल तर. उलट, १९९३च्या कायद्याने पात्र कर्मचाऱ्याला गंभीर आजारासाठी वर्षात १२ आठवडे बिनपगारी रजा मिळू शकते. डिप्रेशनवर उपचार चालू असतील तर ती मागता येते. नुसतं 'बर्नआउट झालंय' म्हणून मिळणं कठीण. म्हणजे ज्या शब्दामागे आपण लपतो, तो वेळेला कामालाही येत नाही!

तेव्हा पुढच्या पॉटलकला कुणी 'बर्नआउट रे' म्हणालं, तर लगेच इंडियाचं तिकीट सुचवू नका. 'सुट्टीत तरी बरं वाटतं का?' एवढं विचारा. 'नाही' म्हणाला तर डॉक्टरची वेळ घेऊन द्या. मरणाबद्दल बोलला तर वाट पाहू नका. त्याला एकटं न सोडता अमेरिकेत ९८८, भारतात टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लावा.