शेवटच्या प्रहराची मजुरी

नव्या करारातील मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायाच्या आरंभी, द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त आहे. धनी पहाटे बाजारात जाऊन दिवसाला एक दीनार ठरवून मजूर लावतो. नऊ वाजता, बारा वाजता, तीन वाजता तो पुन्हा जातो आणि उभे असलेल्यांना मळ्यात धाडतो. दिवस मावळायला तासभर उरला असता पाचव्यांदा जातो, तरी काही माणसे उभीच असतात. दिवसभर रिकामे का राहिलात, असे विचारता ती सांगतात की आपल्याला कोणी कामावर लावलेच नाही. संध्याकाळी कारभारी मजुरी वाटू लागतो ती शेवटी आलेल्यांपासून, आणि प्रत्येकाच्या हातावर पूर्ण दीनार ठेवतो. सकाळपासून उन्हात राबलेले साहजिकच कुरकुरतात.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला हा दृष्टान्त प्रथमदर्शनी अडचणीचाच वाटतो. श्रमाच्या प्रमाणात मोबदला हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा. तासाभराच्या कामाला दिवसाची मजुरी मिळू लागली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे बाजारात कोण येईल? हा प्रश्न रास्त आहे आणि दृष्टान्त त्याचे उत्तर देत नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याचा रोख उत्पादनावर नाही, पोटावर आहे. दीनार ही त्या काळची दिवसाची रूढ मजुरी, म्हणजे एका घराची एका दिवसाची भाकरी. मजुरी बाराव्या हिश्शाने दिली, म्हणून घरातल्या मुलांची भूक काही बाराव्या हिश्शाची होत नाही. शिवाय पहाटे आलेल्यांना ठरल्यापेक्षा एक पैही कमी मिळाली नव्हती. त्यांचे दुःख स्वतःच्या तोट्याचे नव्हते, दुसऱ्याच्या लाभाचे होते. हे दुःख कचेऱ्यांत आणि शाळांच्या शिक्षकदालनांत वावरणाऱ्यांना अपरिचित नसावे.

आणखी एक गोष्ट त्या मजुरांच्या उत्तरात आहे. ते आळशी नव्हते. काम मागत उभे होते. काम करण्याची तयारी असूनही माणूस बेकार राहू शकतो, हे केन्सने 1936 साली ग्रंथ लिहून अर्थशास्त्रज्ञांच्या गळी उतरविले. तोवर बेकारी हा बेकाराचाच दोष मानण्याकडे पंडितांचा कल होता.

या दृष्टान्तातील शब्द घेऊन रस्किनने 1860 साली आपल्या चार निबंधांना ‘अन्टू धिस लास्ट’ हे नाव दिले. 1904 साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत गांधीजींनी ते पुस्तक वाचले आणि पुढे त्याचा गुजराती सारांश करून त्याला ‘सर्वोदय’ हे नाव दिले. सर्वोदयाचा विचार पुढे ज्यांनी देशभर पायी हिंडून सांगितला, त्या विनोबांची गीतेवरील प्रवचने 1932 साली आपल्याच धुळ्याच्या तुरुंगात झाली, आणि ती उतरून घेतली अमळनेरच्या साने गुरुजींनी. त्याच विनोबांनी नंतर ‘ख्रिस्तधर्म-सार’ही संकलित केले. दृष्टान्ताच्या बाजारातला तो शेवटचा मजूर खानदेशाला परका नाही, तो असा.

विचार इतक्या लांब पोहोचला. व्यवहार तितका पोहोचला काय? 1899-1900 च्या दुष्काळाने खानदेश होरपळून निघाला. सरकारने कामे काढली, परंतु मजुरी नेमून दिलेल्या कामाच्या मापाने मिळे. माप पुरे भरले नाही तर ती कापली जाई. उपाशी माणसाच्या हातून माप पुरे होत नाही, मजुरी कापली म्हणजे तो अधिक उपाशी राहतो आणि दुसऱ्या दिवशी माप आणखी घटते. या चक्रातून सुटण्याचा मार्ग त्या नियमावलीत नव्हता. त्याच वर्षांत पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळग्रस्त मुली व विधवा आणीत होत्या. 1897 साली मध्यप्रांतातून, 1900 साली गुजरातेतून. तेथेही काम होते. शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. पण आधी अन्न, मग काम, असा क्रम होता. अंध मुलींनाही तेथे ब्रेल शिकविले गेले. रमाबाईंच्या धर्मान्तराविषयी महाराष्ट्राने पुष्कळ शाई खर्च केली. या क्रमाकडे त्या मानाने कमी लक्ष दिले.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमीला 1977 साली कायद्याचे रूप मिळाले आणि 1979 पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम न मिळणे हा त्याचा दोष नव्हे, हे तत्त्व महाराष्ट्राने कायद्यात घातले याचा अभिमान वाटावा. मजुरी मात्र पुन्हा मापावरच बेतली गेली. दृष्टान्ताचा अर्धा भाग आपण स्वीकारला, अर्धा तसाच ठेवला.

हे सरकारचे झाले. पगारदार वर्गाचे काय? आम्हाला किरकोळ रजा आहे, अर्जित रजा आहे, आजारपणाची रजा आहे आणि महागाई भत्ता आहे. आमच्या घरी भांडी घासणारी बाई तापाने चार दिवस आली नाही, तर महिनाअखेरीस चार दिवसांचे पैसे कापताना आमचे गणित अचूक असते. स्वतः रजेवर असतानाचा पगार आम्ही हक्क म्हणून घेतो. तिला तोच दिला तर ती आमची उदारता ठरते. महाविद्यालयांत तर दृष्टान्त सरळ उलटा झाला आहे. तोच वर्ग, तोच अभ्यासक्रम, परंतु उशिरा आलेला प्राध्यापक तासिका तत्त्वावर. तो तास मोजून मोबदला घेतो आणि सुटीच्या दिवसांत काहीच घेत नाही. येथे पहाटे आलेल्यांची कुरकुर ऐकू येत नाही, कारण शेवटच्याला कमीच मिळते आहे. त्याच्यासाठी कुरकुर करण्याचे काम खरे तर आमचे होते.

पहूरसारख्या हमरस्त्यावरच्या गावात कापसाच्या दिवसांत सकाळी मुकादमाच्या गाड्या भरतात. वेचणी किलोवर असते, म्हणून चपळ हाताच्या पोरींना आधी जागा मिळते. वाकून वेचताना कंबर धरणारी म्हातारी, किंवा तान्हे मूल घेऊन आलेली बाई, मागे उरते. द्राक्षमळ्याचा धनी दिवसातून पाच वेळा बाजारात गेला होता. आमच्याकडे गाडी एकदाच येते.