बंदीच्या आदेशात आमच्या घरांसाठीही एक ओळ लिहा

मा. केंद्रीय गृहसचिव आणि सर्व राज्यांचे गृहसचिव यांना,

इंटरनेट बंद करण्याचा आदेश तुमच्या सहीने निघतो. त्यात भाईंदरचं नाव कधीच नसतं. तरी तो इथल्या घरांनाही लागू होतो, कारण इथली माणसं तिथे बंदोबस्ताला उभी असतात.

३ मे २०२३ ला मणिपूर पेटलं तेव्हा माझे यजमान तिथे होते. आपल्याच देशातली माणसं एकमेकांवर गोळ्या झाडत होती आणि हे त्यांच्या मधोमध. मोबाइलचं इंटरनेट त्याच दिवशी गेलं. सप्टेंबरातले दोन-चार दिवस सोडले तर थेट डिसेंबरात आलं. साधा फोन चालू होता, मान्य. पण रेंज असायची तेव्हा यांची ड्युटी, आणि ड्युटी संपली की रेंज नाही. लागलाच तर ‘बरा आहे, जेवलो’ एवढंच. लेकीला तेवढ्याने पुरत नव्हतं, तिला बाबा दिसायला हवे होते. टीव्हीवर मात्र जळणारी घरं रात्रंदिवस दिसायची. काश्मीरमध्ये तर ५ ऑगस्ट २०१९ ला साधे फोनही बंद झाले. पोस्टपेड मोबाइल १४ ऑक्टोबरला वाजले.

साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या गावात घरोघरी फौजी. एकाची खबर आली की चार घरांना धीर येतो. आमच्या इमारतीत मात्र शेजारीण आपुलकीने विचारते आणि पुढे दोघींनाही काही सुचत नाही. चौकशीसाठी सैनिक कल्याण कार्यालय गाठायचं तर ते ठाण्याला. पोर कडेवर घेऊन घोडबंदरची बस धरायची.

शेजारच्या मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ७ ऑगस्ट २०१८ ला काश्मीरच्या गुरेझमध्ये शहीद झाले, तेव्हा अख्खं शहर रस्त्यावर आलं होतं. ती माया खरी होती. पण जवान जिवंत असतो, लढत असतो, तेव्हा त्याच्या घराची विचारपूस कोणी करायची?

गुपित फुटू नये हे आम्हालाही कळतं. कुठे आहात, कधी निघणार, हे आम्ही विचारतच नाही. पण बोलण्याची सोय करणं अशक्य नाही. २०१७ च्या दिवाळीत सरकारने जवानांच्या उपग्रह फोनचा दर मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपयावर आणला होता. म्हणजे मनावर घेतलं की होतं.

म्हणून मागणी एवढीच. बंदीच्या प्रत्येक आदेशात लिहा, की तिथल्या जवानाला आठवड्यातून एकदा सुरक्षित लाइनवरून घरी बोलता येईल. आणि संरक्षण मंत्रालयाशी बोलून जिल्ह्याजिल्ह्यात एक नंबर द्या, जिथे मराठीत विचारता येईल आणि माणूस सुखरूप आहे की नाही, एवढं तरी कळेल.

इंटरनेटबंदीच्या २०२४ च्या नियमांनुसार एक आदेश पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. पण ते पंधरा दिवसही आम्हाला मोठे असतात; आमची सोय पहिल्या दिवसापासून हवी.

– एका जवानाची पत्नी, भाईंदर (पूर्व)