रद्दीचे रावबहादूर

कोणी तिकिटं जमवतो, कोणी काडेपेट्या, कोणी नुसतेच अपमान. आमची कुणाबद्दल तक्रार नाही. पण अमेरिकेतल्या गतप्राण रेल्वे कंपन्यांची शेअर सर्टिफिकेटं फ्रेम करून दिवाणखान्यात टांगायची, आणि ‘यावर साक्षात व्हॅन्डरबिल्ट घराण्याची सही आहे बरं का!’ म्हणून पाहुण्याला चहाआधी खुर्चीवर चढवायचं, हे काही आम्हाला सोसवत नाही. या छंदाला ‘स्क्रिपोफिली’ म्हणतात. १९७०च्या दशकात हे बारसं झालं. ऐकल्यावर पोटाचं दुखणं वाटतं.

कागद देखणा असतो, यात वाद नाही. नकली कागद करणं जड जावं म्हणून नोटा छापणाऱ्यांकडूनच तो छापून घेत. त्यावर इंजिन, धूर आणि थंडीची पर्वा नसलेल्या देवता. न्यूयॉर्क सेंट्रल अँड हडसन रिव्हरच्या शेअरवर तर खुद्द थोरले कॉर्नेलियस व्हॅन्डरबिल्ट विराजमान! पण आम्ही पडलो बी.कॉम. आमची नजर चित्रावर न जाता भोकांवर जाते. पुष्कळ सर्टिफिकेटांना भोकं पाडलेली असतात किंवा रद्दचा शिक्का असतो. म्हणजे हिशेब मिटला, मामला खलास. असा चेक घेऊन आमच्या कॅशियरकडे जाऊन बघा. तो चष्म्यावरून अशी नजर टाकेल की तुम्ही पासबुकसुद्धा विसरून घरी जाल.

बरं, सह्या कुणाच्या? १८६८ साली व्हॅन्डरबिल्ट ईरी रेल्वे गिळायला निघाले. ते बाजारातून शेअर उचलताहेत, आणि कंपनीतले ड्रू, गूल्ड आणि फिस्क हे त्रिकूट कर्जरोख्यांचे शेअर करून नवे कागद बाजारात ओतताहेत! अटकेचा वास लागताच तिघे रोकड घेऊन हडसन नदीपलीकडे, जर्सी सिटीच्या हॉटेलात जाऊन बसले. न्यूयॉर्कचा हुकूम नदी ओलांडत नव्हता. इथे काउंटरवर दहा रुपयांचा फरक आला तर आम्ही रात्री आठपर्यंत लेजरात डोकं खुपसून बसतो. आणि त्याच गूल्डची सही दिसली की कागदाचा भाव चढतो!

१९६८ साली दोन जुन्या वैरी रेल्वेंचं लग्न लागून पेन सेंट्रल झाली. जून १९७०मध्ये तिनं दिवाळं काढलं. तिच्या शेअरवर पेन्शनीची आशा ठेवून बसलेल्या साध्यासुध्या माणसांचं नाव ज्या कागदावर आहे, तो कागद किरकोळीत जातो. का, तर नाव ‘कोणाचंच नाही’! अहो, पैसे त्याचेच होते ना?

आणि ते नाव लिहिलं कुणी? नंबर, तारीख, शेअरांची संख्या, सगळं टाकानं, वळणदार अक्षरात, एक डाग न पाडता. शिवाय रजिस्टरात नोंद. व्हॅन्डरबिल्टांनी काय केलं? सही. तीही बहुधा, आमचे साहेब करतात तशी, न वाचता. आपल्याकडे १९९६च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअर काँप्युटरात गेले आणि ते अक्षरही गेलं.

अशाच एका रावबहादुरांना आम्ही फ्रेमकडे बोट दाखवून विचारलं, “इथे खाली ट्रान्स्फर क्लार्क म्हणून सही आहे, ते कोण हो?”

“ते होय? ते छापीलच असतं.”

छापील नव्हतं. शाईचं होतं.